डोईफोडे सरांच्या खिडक्या

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आसाराम डोईफोडे सरांचे आहेत. असं लिहिताना 'आई-वडील सोडून' म्हणायचा रिवाज आहे, पण तो आमच्या वडिलांनीच मोडून टाकला. "जल्म आम्ही देल्ता, पण कामाला त्या सरांनं लावलं," असं ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी परतूरला कॉम्प्युटरची पदवी घेतली आणि आज संभाजीनगरला एका कंपनीत प्रोग्राम लिहितो. याचं कारण म्हणजे वाटूरहून रोज स्कूटरवर कॉलेजात येणारा एक उंच, वाळका माणूस.

पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि आडनावावर पोरं कधी हसतात याची वाट बघत उभे राहिले. आम्ही हसलो. मग म्हणाले, "झालं का? आमच्या घराण्यात कोणी कोणाचं डोकं फोडलं ते मला माहीत न्हाई. पण ह्या विषयात तुमचं तुम्हालाच फोडून घ्यायचं हाये. मी फक्त पट्टी बांधणार."

ऐन उन्हाळ्यातही ते पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचे आणि मनगटाची बटणं लावलेली असायची. चष्मे दोन. एक नाकावर, दुसरा कपाळावर, आणि हवा असेल तो नेमका कपाळावरचा. खिशात भाजलेल्या शेंगा असत. एखादं पोरगं अडलं की ते त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसत, त्याच्या हातावर चार शेंगा ठेवत आणि काहीच न बोलता स्क्रीनकडे बघत राहत. शेंगा संपेपर्यंत बहुतेक वेळा पोराला स्वतःलाच काहीतरी दिसायचं. 'चुकलं' हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. ते विचारायचे, "दिसलं का?"

शिकवून झालं की त्यांचं दुसरं काम सुरू व्हायचं. ते काम काय होतं हे वाटूरमध्ये कोणालाच कळलेलं नव्हतं, म्हणून इथे सांगतो. कॉम्प्युटरवर आपण चार प्रोग्राम उघडतो. प्रत्येकाची एक चौकट स्क्रीनवर येते, तिला विंडो म्हणतात. सर मात्र खिडकीच म्हणायचे. कोणती खिडकी पुढे, कोणती मागे, कोणाला किती जागा, आणि कीबोर्डवर दाबलेलं अक्षर कोणत्या खिडकीला द्यायचं, हे ठरवणारा एक वेगळा प्रोग्राम असतो. त्याला कंपॉझिटर म्हणतात. लिनक्स या संगणक-प्रणालीवर खिडक्या दाखवायची वेलँड नावाची नवी रीत आली, तिच्यावर चालणारे असे कंपॉझिटर जगभरातली माणसं मिळून, हौसेनं बनवतात आणि फुकट वाटतात. त्यातल्या एका लहानशा कंपॉझिटरचा माऊस आणि कीबोर्डाचा भाग सर सांभाळायचे. कोणी दोष कळवला की तो शोधायचा, दुरुस्त करायचा, दुसऱ्यानं दुरुस्त केलं असेल तर ते तपासायचं.

आम्हाला त्यांनी हे एका वाक्यात समजावलं होतं. "फाट्यावर काळी-पिवळी भरणारा माणूस बघितला का? ड्रायव्हरला पाशिंजर माहीत न्हाई, पाशिंजरला एकमेकाची वळख न्हाई. कोण पुढं, कोण मधी, कोण माघं लटकणार, ते हा ठरवतो. तो माणूस म्हंजे कंपॉझिटर. त्याचं काम बराबर झालं की कोणाला तो आठवत न्हाई. चुकलं की सगळे त्यालाच शिव्या देतात."

गावात मात्र याचा वेगळाच अर्थ झाला. सरांच्या घरी मी एकदा बसलो असताना एक गृहस्थ आले. नवीन घर बांधत होते. चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "सर, स्लायडिंगवाली आपल्याकडं कशी हाये?"

"काय कशी हाये?"

"खिडकी. आमचा मेव्हणा म्हणला, डोईफोडे सर खिडक्यांचं काम करतात, घरूनच करतात, अन् लई बारीक काम हाये त्यांचं."

गोदाकाकू, म्हणजे सरांच्या मिसेस, पदर तोंडाला लावून आत गेल्या. सर हसले नाहीत. म्हणाले, "माझ्या खिडक्यांना काच नसती. पण चला, जाऊन येऊ." आणि स्कूटरवर त्या गृहस्थांबरोबर परतूरला गेले. दुकानात अर्धा दिवस घालवून त्यांनी प्रत्येक खिडकी सरकवून बघितली. अडकते कुठे, आवाज कुठे येतो, पावसाचं पाणी खाचेत साचेल का. ते गृहस्थ नंतर सगळ्यांना सांगायचे की सरांसारखी खिडकीची पारख तालुक्यात नाही. सरांनी ते कधीच खोडून काढलं नाही.

कॉलेजातल्या लॅबची मशीन जुनी होती, कुठल्यातरी कार्यालयातून उतरलेली. त्यांच्यावर जड काही चालत नसे, म्हणून सरांनी हाच हलका कंपॉझिटर बसवला होता. त्यामुळे त्यांच्या दुरुस्तीचा त्रासही पहिला आम्हाला व्हायचा आणि फायदाही. दोष दिसला तर तो आम्हीच लिहून पाठवायचा, असा त्यांचा नियम होता. त्यांचं म्हणणं असं की नोंद नाही तर दुरुस्ती नाही. कोणाला तरी काहीतरी दिसलं पाहिजे आणि त्यानं ते आपल्या नावानं लिहिलं पाहिजे.

माझी पहिली नोंद मी अजून विसरलो नाही. मी मराठी माध्यमाचा, इंग्रजी तोडकंमोडकं. फाईल निवडायची छोटी खिडकी उघडून बंद केली की मागची मोठी खिडकी काम करेनाशी व्हायची. हे कसं लिहावं कळेना. मग मी शब्दकोशात 'रुसणे' शोधलं आणि इंग्रजीत लिहून पाठवलं की छोटी खिडकी गेली की मोठी खिडकी रुसते. दुसऱ्या दिवशी कुठल्याशा थंड देशातून एका माणसानं अगदी अदबीनं विचारलं होतं की खिडकी रुसते म्हणजे नेमकं काय होतं, कृपया सांगावं. सगळी लॅब हसली. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. सर स्टूल घेऊन आले. शेंगा दिल्या.

"रुसलेलं माणूस घर सोडून जातं का?"

"न्हाई सर."

"समोर दिसतं का?"

"दिसतं."

"बोललेलं ऐकू येतं का त्याला?"

"येतं, पण घेत न्हाई मनावर."

"मंग काय करावं लागतं?"

"थोडं बाजूला जाऊन परत यावं लागतं."

"अन् ही तुझी खिडकी काय करून राह्यली?"

मी पुन्हा बघितलं. खिडकी समोरच होती. तिची कडा निळी होती, म्हणजे कंपॉझिटरच्या मते तीच चालू होती. अक्षरं दाबली तर एकही उमटत नव्हतं. माऊस बाहेर नेऊन परत तिच्यावर आणला की मुकाट्यानं लिहायला लागायची. "बिलकुल रुसलीच हाये," सर म्हणाले. "शब्द बराबर हाये तुझा. आता जे बघितलं ते वळीनं लिही." मी लिहिलं. सरांना दोष सापडला: छोटी खिडकी जाताना कीबोर्ड कोणाच्या हवाली करायचा हे सांगायचंच राहून जात होतं. दुरुस्तीच्या टिपणात त्यांनी 'रुसवा' हा मराठी शब्दच रोमन लिपीत लिहिला. पुढे त्या प्रकल्पात कोणाच्याही खिडकीनं असं केलं की परदेशातली माणसंसुद्धा चुकीच्या स्पेलिंगनं का होईना, 'रुसवा' लिहायला लागली.

सरांचे वडील मेंढरं राखायचे. जांब समर्थच्या बाजूनं गोदावरीकाठापर्यंत त्यांचं फिरणं असे. सर लहानपणी त्यांच्यामागे हिंडलेले. एका अपडेटनंतर लॅबमध्ये स्क्रीनच्या कडेला उघडलेला मेनू अर्धा बाहेर जायला लागला. मधल्या काळात शेकडो बदल झालेले. पोरं एकेक बदल वाचायला बसली. सर म्हणाले, "असं न्हाई. मेंढरू कमी आलं तर आमचा बाप पळत सुटायचा न्हाई. आधी बिडी वढायचा. सकाळी वाड्यातून निघताना बराबर होतं. संध्याकाळी एक कमी. मंग दुपारी पाण्यावर होतं का? तिथल्या माणसाला विचारायचं. होतं म्हणला तर सकाळचा सगळा रस्ता सोडून द्यायचा. नव्हतं म्हणला तर दुपारनंतरचा सोडायचा. राहिलेल्याच्या अर्ध्यावर जायचं अन् पुन्हा विचारायचं."

आम्ही तसं केलं. अर्ध्यावरची आवृत्ती बसवून बघितली, मग तिच्या अर्ध्यावरची. दुपारच्या चहापर्यंत एकच बदल उरला. ज्यानं तो केला होता त्याचं नाव वाचून पोरं सरांकडे बघायला लागली. सरांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, वाचलं, आणि इतके खूश झाले की सगळ्यांना चहा सांगितला. "बघितलं का, मेंढरू मीच वळलं होतं," म्हणाले, आणि तसंच त्या प्रकल्पावर जाहीर लिहून टाकलं.

पदवीनंतर मी नोकरीला लागलो. सुट्टीत घरी आलो की वाटूरला उतरून सरांकडे जाणं ठरलेलं. त्यातल्या एका खेपेला बशीत चहा ओतताना त्यांचा उजवा हात थरथरला आणि चहा पायजम्यावर सांडला. पुढच्या खेपेला बशी गेली होती, त्यांनी अर्धाच भरलेला कप दोन्ही हातांनी धरला होता. जालन्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं. हा आजार बरा होत नाही, गोळ्यांनी आवरून धरता येतो.

सर त्याबद्दल बोलायचे नाहीत. काकू बोलायच्या. गेल्या दिवाळीच्या आधी गेलो तेव्हा त्यांनी मला ओट्यावरच थांबवलं. "कॉम्प्युटरवर कापड टाकून ठेवलंय. शिवत न्हाईत. कॉलेजचं बी आता थोडंच राहिलं. अन् ते बाहेरच्या लोकायला पत्र लिहून ठेवलंय, मी काम सोडतो म्हून. दिवाळी झाली की धाडणार. तू बोल. माझं ऐकत न्हाईत, नुसते बसून राह्यलेत."

मी आत गेलो आणि कापड काढलं. सर म्हणाले, "बघायचंय? बघ." त्यांनी माऊस हातात घेतला. एका खिडकीच्या वरच्या पट्टीवर टिचकी मारून तिला पुढे आणायचं, एवढंच करायचं होतं. बोट खाली गेलं आणि हात हलला. आमचा कंपॉझिटर खिडक्या चौकोनी तुकड्यांसारख्या एकमेकींना खेटून बसवतो. बटण दाबून माऊस केसभर सरकला तरी त्याला वाटतं, खिडकी ओढून दुसरीकडे न्यायची आहे. ती खिडकी जागेवरून उपटली गेली, बाकीच्या तिच्या जागी पसरल्या, सगळी मांडणी विस्कटली. सरांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. ज्या माणसानं दहा-बारा वर्षं लोकांच्या खिडक्या बसवल्या, त्याला स्वतःची एक खिडकी पुढे आणता येत नव्हती.

"सर, थोडी हालचाल सोडून द्यायला पाहिजे. बटण दाबल्यावर माऊस जरा हलला तरी ओढणं सुरू झालं असं धरायचंच नाही."

"नोंद हाये का?"

"तुम्ही करा."

"मी न्हाई करणार. बिघडला तो हात. प्रोग्राम होता तसाच हाये. ह्याच्यावरच मी काम करत होतो का न्हाई? मंग आज त्याला दोष कसा द्यायचा? एका माणसाच्या हातासाठी दुनियेचा दरवाजा बदलायचा न्हाई."

थोडा वेळ बसलो आणि उठलो. "येतो सर," म्हणालो. ते दारापर्यंत आले. तिथे वडिलांच्या गुडघ्याचा विषय निघाला, मग सोयाबीनचा, मग माझ्या कंपनीतल्या साहेबाचा. आतून काकूंचा आवाज आला, "पुन्हा ठेवू का चहा? हा काही जाईना."

सर हसले. मग हसता हसता थांबले आणि माझ्या पायांकडे बघायला लागले.

"तू येतो म्हणून उठला, त्याला किती येळ झाला?"

"झाला असेल बराच."

"म्हंजे निघाला तर होता. पण गेला न्हाई. मी तू उठल्या उठल्या दार लावून घेतलं असतं तर?"

"वाईट दिसलं असतं."

"मंग गेला असं कधी धरायचं?"

"अंगण ओलांडलं की."

सरांनी मान हलवली. "हां. अंगण पाहिजे. आपल्या कंपॉझिटरला अंगणच न्हाई. माणूस उठला की तो दार लावून घेतो." त्यांच्या चेहऱ्यावर मला जुनं काहीतरी दिसलं. पण लगेच म्हणाले, "कल्पना बराबर हाये. तरी नोंद न्हाई. तुझ्या चांगल्या हातानं बिघडवून दाखव. बिघडलं तर दोष प्रोग्रामचा. न्हाईतर माझा."

मी टेबलाशी बसून पुष्कळ प्रयत्न केले. माझा हात स्थिर. मुद्दाम हलवला तर ते खोटं झालं असतं, आणि सरांना ते लगेच कळलं असतं. खिडकी जागची हलली नाही. "दिसलं का?" सर म्हणाले, पण या वेळी त्यांच्या आवाजात गंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी वाटूरहून परतूरला निघालो होतो. यष्टीत बसलो आणि कंपनीचं थोडं काम म्हणून मांडीवर लॅपटॉप उघडला, त्यावरही मी हाच कंपॉझिटर बसवला होता. रस्त्याचं काम चालू असल्यानं गाडी आदळत होती. मी एका खिडकीवर टिचकी मारली आणि ती उपटून निघाली. मी दुसरीवर मारली. तीही निघाली. मी पुढच्या थांब्याला उतरलो, येणाऱ्या जीपनं वाटूरला परत आलो आणि सरांना फाट्यावर बोलावलं. "डोळ्यानं बघितल्याबगर न्हाई," ते फोनवर म्हणाले, पण आले. इस्त्रीचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली.

कंडक्टर सरांचा जुना विद्यार्थी होता. "सर, कुठं?"

"परतूर दोन. जाऊन लगेच परत येणार."

"काय काम काढलं?"

"रस्त्याचं काम हाये."

"रस्त्याचं काम तुमच्याकडं कधी आलं ओ?"

आम्ही मागच्या सीटवर बसलो, कारण तिथे गाडी जास्त आदळते. माझ्या मांडीवर लॅपटॉप, बाजूला सर, पलीकडे पिशवी कवटाळून बसलेल्या एक मावशी. मी टिचकी मारत होतो, खिडक्या उपटत होत्या. सर एकेक खेप बघत होते. खड्डा येण्याआधी, खड्ड्यात, खड्ड्यानंतर. मग त्यांनी माझ्या मनगटावर आपली बोटं ठेवली, मी मुद्दाम हलवत तर नाही ना हे बघायला. शेवटी मावशीच बोलल्या, "ते मधलं सारखं पळून का राह्यलं?"

"तुम्हालाबी दिसलं का मावशी?"

"दिसलं की. हे पोरगं बोट ठिवतंय अन् ते पळतंय."

"झालं. साक्षीदार भेटला," सर म्हणाले. मग त्यांनी लॅपटॉप स्वतःच्या मांडीवर घेतला आणि आपल्या हातानं करून बघितलं. खिडकी उपटली. मी केलं. उपटली. मावशींनाही करायला लावलं. त्यांनी घाबरत बोट टेकवलं आणि ती उपटली. सरांनी लॅपटॉप मिटून माझ्याकडे दिला. मग म्हणाले, "यष्टीत सगळ्याचे हात माझ्यासारखेच हायेत."

नोंद माझ्या नावानं झाली. चालत्या बसमध्ये, खराब रस्त्यावर, स्थिर हाताच्या माणसाकडून असं होतं. आठवडाभरात उत्तरं यायला लागली. एकजण रोज रेल्वेत काम करायचा, त्याला वाटायचं आपलंच बोट जड आहे. एकीनं म्हाताऱ्या आईच्या हाताबद्दल लिहिलं होतं. आणि एका माणसानं लिहिलं होतं की त्याचा हात बरीच वर्षं थरथरतो, त्यानं हा कंपॉझिटर आवडत असूनही सोडून दिला, कारण दोष आपल्या हाताचा आहे, तो इथे कशाला सांगायचा. मी ते सरांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पुन्हा वाच." मी वाचलं. "हा माणूस इतके दिवस बोलला का न्हाई?"

फोन स्पीकरवर असावा. काकूंचा आवाज आला, "तुम्ही तरी कुठं बोलले?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, "लिहायला घे. तपासणार मी."

मी लिहिलं, त्यांनी तपासलं. माऊस न वापरता, सगळं कीबोर्डावर, गोळीचा असर चांगला असेल त्या सकाळच्या वेळात. माझी पहिली दुरुस्ती त्यांनी परत पाठवली. मी अंगण, म्हणजे दाबलेल्या माऊसला बिनधोक हलायला थोडी जागा, दिलं होतं, पण अंगण ओलांडताच खिडकी एक लहानशी उडी मारून माऊसखाली यायची. मला ती दिसलीच नव्हती. सरांनी लिहिलं होतं, "माणूस अंगण ओलांडून गेला तर घर त्याच्या माघं पळत जातं का?" मी मोजणी बदलली, जिथे अंगण संपतं तिथून ओढणं सुरू केलं. मग त्यांनी विचारलं, ज्याला मोठं अंगण पाहिजे त्याला ते वाढवता येतं का? येत नव्हतं. तेही केलं. मग दोनदा टिचकी मारल्यावर काय होतं ते निघालं. असं करत हिवाळा गेला.

दुरुस्ती मुख्य कोडमध्ये गेली त्या आठवड्यात मी वाटूरला होतो. नवा कोड मीच त्यांच्या मशीनवर बसवला आणि बाजूला झालो. सर खुर्चीत बसले. चष्मा बदलला. माऊसवर हात ठेवला, तेव्हा हात थरथरत होता, ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. खिडकीवर टिचकी मारली. ती पुढे आली आणि जागेवर राहिली. त्यांनी दुसरीवर मारली, मग तिसरीवर. मग एक खिडकी धरून मुद्दाम ओढली, आणि ती उडी न मारता, हाताबरोबर, स्क्रीनच्या डाव्या अंगाला गेली. तिथे त्यांनी ती सोडली. काकू दारात उभ्या होत्या. सरांनी मागे वळून न बघता विचारलं, "काय बघून राह्यली?" काकू म्हणाल्या, "काही न्हाई. तुमचं चालू द्या." मी निघालो तेव्हा ते खिडक्या इकडून तिकडे नेत होते आणि पुटपुटत होते. मी येतो म्हणालेलं त्यांना ऐकू गेलं नसावं.

त्यांच्याशी फोनवर बोलणं कठीण. दोन वाक्यं झाली की "बरं, ठेव आता, चार्जिंग जाती," म्हणतात. म्हणून परवा मी त्यांना पत्र टाकलं. ते इथे देतो.

आदरणीय सर,

नमस्कार. काकूंना नमस्कार सांगा. वडिलांचा गुडघा आता बरा आहे, त्यांनी तुम्हाला आवर्जून विचारलं आहे.

नवी आवृत्ती बाहेर पडली. दुरुस्तीच्या टिपणात 'दोष कोणी पाहिला' या ठिकाणी मी तुमचं नाव घातलं आहे. तुम्ही रागवाल हे माहीत आहे, पण बसमध्ये तुम्ही पाहिला होता, त्यामुळे ते खोटं नाही. मावशींचं नाव आपण विचारलं नाही म्हणून 'एक सहप्रवासी' असं लिहिलं आहे. ज्या गृहस्थांनी हाताबद्दल लिहिलं होतं, ते पुन्हा आपला कंपॉझिटर वापरायला लागले. त्यांनी अंगण बरंच मोठं ठेवलं आहे.

आता कामाचं. आपल्या दुरुस्तीमुळे एक नवीन दोष आला आहे. चित्रं काढणाऱ्या एक बाई आहेत. त्या माऊस वापरत नाहीत, स्क्रीनवर टेकवायचं पेन वापरतात. त्यांचा हात इतका स्थिर आहे की त्या खिडकी केसभरच सरकवतात, आणि ते त्यांना तेवढंच हवं असतं. आता ती सरकतच नाही. त्यांनी फार नीट लिहिलं आहे, चित्रांसकट. त्या चिडलेल्या नाहीत, पण त्यांचं काम अडलं आहे. पेनासाठी अंगण बंद करावं, तर पेन धरणारा हातही थरथरणारा असू शकतो. मी दोन दिवस विचार केला. मला एक उपाय सुचतो आहे, पण तो इथे मुद्दाम लिहीत नाही.

प्रकल्पातल्या मंडळींनी विचारलं की हे कोण बघणार. मी लिहिलं, माऊस-कीबोर्डाचा भाग डोईफोडे सर बघतात, पेनही त्यातच येतं. तुम्हाला न विचारता लिहिलं. तुमचा तो काम सोडल्याचा मजकूर अजून तुमच्या मशीनवर असेल. पाठवायचा तर पाठवा, पण आधी ह्याचं उत्तर द्या.

बाई थांबल्या आहेत.

तुमचा विद्यार्थी,
ज्ञानेश्वर